‘दारू प्यायलाय’ लिहून मोकळे होऊ नका

रात्री अकरानंतर कॅज्युअल्टीत बडबडणारा किंवा शुद्ध हरपलेला पेशंट आला की आपल्याकडे गोव्यात त्याला दोनच खणांत टाकतात. गावचा असला तर दारू, किनाऱ्यावरून आणलेला असला तर ‘पार्टी’. एकदा ते केसपेपरवर चढलं की पुढच्या शिफ्टचा डॉक्टरही तेच वाचतो आणि सकाळपर्यंत पेशंटला कुणी नीट हात लावत नाही. मला याचा मनापासून राग येतो, कारण यातली बरीच माणसं पाच मिनिटांच्या तपासणीत ओळखता येतात.

पहिली गोष्ट रक्तातली साखर. ती उतरली तरी माणूस असाच बडबडतो किंवा शुद्ध हरपतो. ग्लुकोमीटर लावल्याशिवाय कुणालाही दारुडा म्हणायचं नाही. यावर माझ्याकडे चर्चा होत नाही.

आता धोतरा. सगळ्यात जास्त वेळा चुकताना पाहिलंय ते इथेच.

जुलैतली गोष्ट. सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून मुलगा वडिलांना घेऊन आला. आजोबा हवेतून दोरे ओढत होते, नसलेली विडी पेटवत होते, चादरीची कड चिमटीत धरून गोळा करत होते. ‘रोज थोडी घेतात’ असं मुलगा म्हणाला आणि ज्युनियरने लगेच ‘अल्कोहोल विड्रॉवल’, म्हणजे दारू अचानक सुटल्याचा त्रास, असं लिहिलं. भ्रम शांत करणारं हॅलोपेरिडॉल सिरिंजमध्ये भरूनही झालं होतं. मी आजोबांच्या काखेत हात घातला. कोरडी ठणठणीत. पावसाळ्यातल्या त्या दमट रात्री आम्हा सगळ्यांचे कपडे पाठीला चिकटले होते, आणि या माणसाचं अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. दारू सुटल्याने वात झालेला माणूस घामाने निथळतो. जीभ बघितली तर पापडासारखी. डोळ्यांच्या बाहुल्या टॉर्च मारला तरी मोठ्याच्या मोठ्या. नाडी १४०. ओटीपोट फुगलेलं, नळी घातली तर १२०० मिली लघवी आली आणि निम्मी धडपड तिथेच थांबली. ज्याला आपण ‘हिंसक’ म्हणून बांधायला निघालो होतो, त्याला लघवी होत नव्हती.

मग मुलाला विचारलं, घरात अजून कोण जेवलं? तो जरा गप्प झाला. म्हणाला, ‘आई पण दुपारपासून कायतरी वेगळंच बोलते. आम्हाला वाटलं, बाबांच्या टेन्शनने.’ १०८ला फोन करून तिलाही आणलं. तिच्याही बाहुल्या तशाच. बांधावरून खुडलेल्या पालेभाजीत धोतऱ्याची पानं आली होती. दोघांना लोराझेपाम (धडपड आणि झटके शांत करणारं औषध), सलाईन, ओल्या कपड्याने अंग पुसणं आणि शांत खोली, एवढ्यावर तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. धोतऱ्यावरचा उतारा फायसोस्टिग्मिन पुस्तकात असतो, आमच्या कपाटात नव्हता. हॅलोपेरिडॉल गेलं असतं तर झटके येण्याचा आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढला असता.

म्हणून माझी सवय सांगते: गोंधळलेल्या प्रत्येक पेशंटच्या काखेत हात घालायचा. बाहुल्या मोठ्या, अंग गरम आणि काख ओली, तर एमडीएमए, मेथ, कोकेन या उत्तेजक ड्रग्जचा विचार. बाहुल्या मोठ्या आणि काख कोरडी, तर धोतरा, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या पठडीतल्या, झोप आणणाऱ्या गोळ्या किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचं औषध. शेवटच्यासाठी ईसीजी ताबडतोब काढा. क्यूआरएस (ईसीजीतल्या मुख्य लहरीची रुंदी) १०० मिलिसेकंदांच्या वर गेला असेल तर सोडियम बायकार्बोनेट हाताशी हवं. नव्या मुलांना काखेत हात घालायला कमीपणा वाटतो, सीटी स्कॅनचा फॉर्म भरायला वाटत नाही.

याची उलटी चूकही बघितली आहे. शेतातून आला म्हणजे कीटकनाशक प्यायला, द्या त्यावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन. अहो, कीटकनाशकवाल्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या असतात, तोंडाला फेस, अंगाला घाम, नाडी बहुधा मंद. धोतऱ्यातल्या विषांपैकी एक खुद्द अ‍ॅट्रोपिनच आहे. तेच वर आणखी टोचायचं? पणजीत ज्यांच्या नावाची बाग आहे त्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्तांनी १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात धोतऱ्याने माणसं कशी भ्रमिष्ट होतात ते लिहून ठेवलंय. साडेचारशे वर्षांची ओळख आहे या झाडाशी आपली.

दुसरी चूक ८५च्या आकड्याची. किनाऱ्यावरून एक तरुण आला, ओठ जांभळे, ऑक्सिजन पंधरा लिटरवर, तरी बोटाच्या प्रोबवर रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण (सॅच्युरेशन) ८५-८६ टक्क्यांच्या वर सरकेना. ज्युनियरने प्रोब तीनदा बदलला, मग एक्स-रे मागितला, मग श्वासनलिकेत नळी घालायची तयारी सुरू केली. पेशंट मात्र पूर्ण वाक्यात बोलत होता, छाती स्वच्छ, एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) ऑक्सिजन उत्तम. मी रक्ताचा एक थेंब पांढऱ्या गॉजवर टाकला आणि शेजारी माझ्या बोटाचा. माझा लाल. त्याचा चॉकलेटी, आणि हवेत ठेवून हलवला तरी चॉकलेटीच. मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेऊ न शकणारं बिघडलेलं हिमोग्लोबिन. मित्राला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं, नशेसाठी हुंगायच्या ‘पॉपर्स’ची छोटी बाटली एनर्जी ड्रिंक समजून प्यायला होता. उतारा मिथिलीन ब्लू, वजनाच्या किलोला १ ते २ मिलिग्रॅम, पाच मिनिटांत हळूहळू शिरेतून. तासाभरात ओठ गुलाबी. त्याआधी जी-सिक्स-पीडीची (लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता आहे का, हे विचारायला विसरू नका. असेल तर याच औषधाने रक्तपेशी फुटतात. मित्राला पोलिसांची भीती दाखवून काही कळत नाही. दार लावून, आवाज खाली घेऊन, ‘त्याला वाचवायचंय, नेमकं काय घेतलं तेवढं सांग’ म्हटलं की सांगतात.

ड्रग्ज तपासायची लघवीची पट्टी निगेटिव्ह आली म्हणून ‘काही घेतलेलं नाही’ असं लिहू नका. नेहमीच्या पट्टीत केटामाइन, एलएसडी, कृत्रिम गांजा आणि धोतरा यांतलं काहीच दिसत नाही.

एमडीएमए घेऊन अंग ४१ अंशांवर गेलेल्याला पॅरासिटामॉल देऊन बसू नका, उपयोग शून्य. बर्फ, पाणी, पंखा आणि लोराझेपामच्या गटातलं (बेंझोडायझेपिन) औषध. सोडियम बघा, अशी मुलं नाचताना पाणी ढोसून सोडियम पाडून घेतात आणि मग झटका येतो.

बांगडा किंवा टूना खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल, डोकं ठणकतंय, जीभ चुरचुरतेय, आणि टेबलावरच्या तिघांनाही तेच? ती अ‍ॅलर्जी नव्हे, नीट थंड न ठेवलेल्या माशातला हिस्टामिन. अँटिहिस्टामिन द्या, पण त्याला ‘आयुष्यभर मासे बंद’ लिहून देऊ नका. गोव्यातल्या माणसाला ती शिक्षा फुकट कशाला?

पिवळ्या कण्हेरीची बी खाल्लेला पेशंट शांत दिसतो, नुसती उलटी होते. मॉनिटर काढू नका आणि पोटॅशियम बघा. हृदयाचे ठोके नंतर मंदावतात.

आणि मुलांच्या पांढऱ्या वड्या. आई सांगते ‘कापूर’, असते डांबरगोळी, किंवा उलट. उरलेली वडी आणायला सांगा आणि ग्लासभर पाण्यात टाका. तरंगली तर कापूर: झटका काही मिनिटांतही येतो, लोराझेपाम भरून ठेवा. बुडाली तर मीठ विरघळेनासं होईपर्यंत ढवळलेल्या पाण्यात टाका. तिथे तरंगली तर नॅफ्थलीन: मूल आज हसत-खेळत असलं तरी जी-सिक्स-पीडी तपासा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी चहासारखी झाली तर तडक परत यायला सांगा. दोन्हीकडे बुडाली तर पॅराडायक्लोरोबेंझीन, त्यातल्या त्यात सौम्य. हे मीठपाणी मात्र ग्लासातच ठेवायचं. उलटी व्हावी म्हणून घरी मुलाला ते पाजतात, आणि कापराचा झटका उलटी चालू असतानाच आला तर ती उलटी फुप्फुसात जाते.