सही झाली, पण एसओपी लागू कधी?

बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे क्यूसी लॅब, म्हणजे औषधाची चाचणी करणारी लॅब होती. पांढरा कोट, समोर एचपीएलसी हे चाचणीचं यंत्र. गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत मुलाखत दिली, निवडही झाली, पण मला बसवलं क्यूएच्या, म्हणजे गुणवत्तेची हमी बघणाऱ्या विभागाच्या, डॉक्युमेंट सेलमध्ये. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे झेरॉक्स काढायची नोकरी?" खरं सांगायचं तर पहिले दोनेक महिने मलाही तसंच वाटत होतं. याला आता सहा वर्षं झाली. ओळखीतली मुलं वेर्ण्या-कुंडईच्या कंपन्यांत लागली की मला फोन करतात, "ताई, तिथे नेमकं करायचं काय असतं?" म्हणून हे एकदाच सविस्तर लिहिते.

एसओपी म्हणजे एखादं काम कसं करायचं ते सांगणारी लेखी पद्धत. तिचा प्रवास कागदावर सरळ दिसतो. विभाग चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाचा लेखी अर्ज टाकतो, मसुदा लिहितो, विभागातलाच दुसरा माणूस तो तपासतो, मग क्यूए तपासतं आणि शेवटी क्यूएचे वरिष्ठ मंजुरीची सही करतात. हे कंपनीच्या मर्जीवर नाही. अमेरिकेला माल जात असेल तर तिथला नियम, २१ सीएफआर २११.१००, हेच सांगतो: लेखी पद्धत संबंधित विभागांनी तयार करायची, तपासायची, मंजूर करायची आणि त्यावर क्वालिटी विभागानेही मंजुरी द्यायची. नवीन माणसाने इथे एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी, ती म्हणजे सह्यांच्या तारखांचा क्रम. तपासणाऱ्याची तारीख १२ आणि मंजुरीची ११ असेल तर तो कागद पुढे सरकवायचा नाही. सही राहिली की हमखास कोणीतरी जुना जाणता सुपरवायझर लाडीगोडीने म्हणतो, "कालची तारीख घाल गो, कोण पळयता?" माणूस चांगला असतो, डब्यातले सोलकढीचे दोन घोट आपल्यालाही देतो. तरी तारीख आजचीच. मनाने हे नाही म्हणणं जमायला मला वर्ष लागलं.

मंजुरी म्हणजे लागू होणं नव्हे. या दोन तारखांमध्ये मुद्दाम अंतर ठेवतात, प्रशिक्षणासाठी. आमच्याकडे साधारण पंधरा दिवस, प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा. एसओपी इंग्रजीत, लाईनवर काम करणारे कोणी कारवारकडचे, कोणी ओडिशाचे, कोणी आमच्या सत्तरीतले. ट्रेनिंगच्या कागदावर वीस सह्या एकाच पेनाने, एकाच दमात झालेल्या दिसल्या तर समजावं की कोणी काही वाचलेलं नाही. आणि लागू होण्याची तारीख चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आठवड्यात कधीच टाकू नका. मी टाकली होती. अर्धी शिफ्ट गावी, मखर आणि माटोळीच्या गडबडीत. ट्रेनिंग झालेले लोक चार, आणि नवी पद्धत सोमवारपासून लागू! शेवटी तारीख पुढे ढकलण्यासाठी लेखी कारण देऊन पुन्हा सह्या गोळा करत फिरले.

आता खरी मेहनत कुठे आहे ते सांगते. नवी प्रत द्यायची आणि जुनी परत आणायची. मास्टर कॉपी आपल्याकडे कुलपात, विभागांना शिक्का मारून मोजून दिलेल्या प्रती, म्हणजे कंट्रोल्ड कॉपी, रजिस्टरात क्रमांक, घेणाऱ्याची सही. जुनी परत आली की मोजायची, एक संच ऑब्सोलीट (रद्द) असा शिक्का मारून ठेवायचा, बाकीच्या श्रेडरमध्ये. आमचा शिक्का रंगीत आहे. काळा दिसला की ती झेरॉक्स, हे शिपाईसुद्धा सांगेल.

तर एका ऑडिटमध्ये माझं रजिस्टर अगदी चोख होतं. सात दिल्या, सात परत. ऑडिटरने रजिस्टर बघितलं, मान हलवली आणि पॅकिंगमध्ये गेला. तिथे त्याने कोणालाही काही न विचारता मशीनच्या कंट्रोल पॅनलचं दार उघडलं. आत सेलोटेपने चिकटवलेलं एक पान: लाईन क्लिअरन्सच्या, म्हणजे आधीच्या बॅचचं काही लाईनवर उरलं नाही ना हे बघण्याच्या एसओपीची आवृत्ती ०४. लागू होती ०६. कडा तेलकट, शिक्का काळा.

डेव्हिएशन, म्हणजे नियम मोडल्याची लेखी नोंद झाली, चौकशी झाली, ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग. मला मात्र ते पान तिथे का लागलं हे कळेना, म्हणून दुसऱ्या शिफ्टला जाऊन बसले. कारण अगदी साधं होतं. कंट्रोल्ड कॉपी सुपरवायझरच्या केबिनमध्ये, केबिनला कुलूप, आणि सुपरवायझर रात्री दोन विभाग सांभाळणारा. बिचाऱ्या ऑपरेटरने आपली सोय केली होती. चूक आमच्या वाटपाच्या यादीत होती. त्यानंतर लाईनवर एक प्रत कायमची ठेवली.

कोऱ्या फॉर्मचंही हेच. बीएमआर, म्हणजे बॅच कशी बनली त्याची नोंद करायचा फॉर्मचा संच, दर बॅचला मोजून द्यायचं, मोजून परत घ्यायचं. पान फाटलं, चहा सांडला, तरी फेकायचं नाही. बिघडलेलं पानही रेकॉर्डमध्ये राहतं आणि बदली पान का दिलं ते लिहावं लागतं. अमेरिकी एफडीएच्या डिसेंबर २०१८च्या डेटा इंटेग्रिटी मार्गदर्शिकेत हे स्पष्ट आहे. पावसात मात्र वेगळीच डोकेदुखी. जुलैत आमच्याकडे कागद पापडासारखा मऊ पडतो, प्रिंटरमधून दोन पानं चिकटून निघतात. एकदा ४२ पानांच्या बीएमआरमध्ये १७ नंबरचं पान कोरं गेलं आणि ते ग्रॅन्युलेशनवाल्यांना, म्हणजे गोळीसाठी पावडरचे दाणे बनवणाऱ्यांना, रात्री अडीचला कळलं. तेव्हापासून मी पानं बोटाने उलटून मोजते, कोपरे पकडून नाही.

सॉफ्टवेअर आलं की हे सगळं संपेल असं सांगतात. पाठपुरावा कमी होतो, हे खरं. २१ सीएफआर पार्ट ११, १९९७ पासूनचा नियम, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सहीत नाव, तारीख-वेळ आणि सही कशासाठी केली ते दिसावंच लागतं. पण "माझा पासवर्ड घे आणि कर अप्रूव्ह" म्हणणारे वरिष्ठ सॉफ्टवेअरबरोबर बदलत नाहीत, आणि प्रिंटचं बटण दाबलं की पुन्हा तोच कागद जमिनीवर.

डिसेंबर २०२३च्या अधिसूचनेने सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कसं बनवावं याचे भारतातले नियम आले तेव्हा ढीगभर एसओपी एकदम बदलायच्या होत्या. साहेबांना सगळ्या एकाच दिवशी लागू करायच्या होत्या. मी म्हटलं, सर, पॅकिंगच्या माणसाने एका आठवड्यात अकरा एसओपी वाचल्या असं आपण लिहिणार, आणि ऑडिटर त्यालाच बोलावून विचारणार. तीन टप्प्यांत केल्या.

मुलाखतीला जाताय तर अप्रूव्हल डेट आणि इफेक्टिव्ह डेट यांतला फरक विचारतातच. तो सांगून झाला की आपणच विचारा, "जुन्या प्रती परत कोण आणतं?" समोरचा क्षणभर थांबला, तर ते काम तुमच्याकडेच येणार आहे.