परदेशात सणाचा स्वयंपाक? आधी मापं जुळवा
परदेशात सणाचं जेवण करायचं ठरलं, की पहिला घोळ होतो तो मापांचा. अमेरिकेतला कप साधारण 240 मिलिलीटरचा, ऑस्ट्रेलियातला 250चा. तिथला मोठा चमचा तर 20चा, इतरत्र बहुतेक ठिकाणी 15चा. म्हणून घरी फोन लावा आणि आईला तिच्या नेहमीच्या वाटीतलं पीठ वजनकाट्यावर ठेवायला सांगा. ग्रॅम सगळीकडे सारखेच. ओव्हनवर फॅरनहाइट असेल, तर 180 सेल्सिअस म्हणजे अंदाजे 350. आणि हो, मुख्य पदार्थ आठवडाभर आधी थोडासा करून बघाच. तिथलं पीठ किती पाणी पितं, हे मळताना हातालाच कळतं. सजावट वगैरे जमेल तशी.