न्यूझीलंडमधली पहिली रायफल: टिक्का की होवा?

इथे येऊन वर्ष होत आलं की कामावरचा एखादा किवी सहकारी सहज विचारतो, "येतोस का शिकारीला?" आणि आपण गडबडतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या देशात वाढलेल्या माणसाला हरणावर गोळी झाडणं म्हणजे सरळ तुरुंग. बंदूक पाहिलेली असते ती पोलिसाच्या खांद्यावर, नाहीतर बँकेच्या दारावरच्या वॉचमनकडे. मी इचलकरंजीहून हेस्टिंग्जला आलो तेव्हा माझंही तसंच होतं. पहिली दोन वर्षं मी नाहीच म्हणत राहिलो.

मन वळलं ते कावेकाच्या डोंगरात नुसता चालायला गेलो तेव्हा. माझा शेजारी सफरचंदाच्या बागेत मुकादम आहे. त्याने मला जंगलात एक कुंपण घातलेला तुकडा दाखवला. कुंपणाच्या आत गुडघ्याएवढी रोपं दाटलेली, बाहेर नुसती माती आणि जुनी झाडं. या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. लाल हरणं, सिका (जपानी हरणं), थार (हिमालयातल्या रानबकऱ्या), सगळी एकोणिसाव्या-विसाव्या शतकात जहाजातून आणलेली. आपलं सांबरसुद्धा 1875 च्या सुमारास श्रीलंकेतून मानावातू भागात आणून सोडलं. त्यांना खाणारं इथे कोणी नाही, म्हणून ती जंगल खातात. हे पटल्याशिवाय रायफल घेऊ नका. पटलं नाही तर शिकारीला न जाणं यात काहीच कमीपणा नाही, तुमचे किवी मित्रही ते समजून घेतील.

पटलं असेल, तर दुकानात गेल्यावर नवख्यापुढे बहुतेक दोन नावं येतात: फिनलंडची टिक्का टी-थ्री-एक्स लाइट आणि जपानची होवा 1500. दोन्ही बोल्ट-ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, उचलून मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा. 15 मार्च 2019 ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत 51 माणसं मारली गेली, आणि महिन्याभरात सरकारने बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, रायफलींवर बंदी आणली. या देशात बंदुकीबद्दल बोलताना तो दिवस लोकांच्या मनात असतो. तुम्हीही ठेवा.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. अचूकतेवरून या दोघींत निवड करू नका. दोन्ही कंपन्या चांगल्या काडतुसांनी शंभर मीटरवर साधारण तीन सेंटिमीटरच्या आत तीन गोळ्या बसतील अशी हमी देतात. कावेकाच्या मानुकाच्या झाडीत सिका दिसतो तो चाळीस-पन्नास मीटरवर, आणि जिथे नेम धरायचा ती छातीची जागा जेवणाच्या ताटाएवढी असते. तेवढ्यात चुकलात तर चूक तुमच्या श्वासाची असेल, नळीची नसेल. इंटरनेटवर याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त वाद घातला जातो आणि नवख्याला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

खरा फरक बोटांना कळतो. सेफ्टीचा खटका घ्या. होवाचा खटका तीन ठिकाणी थांबतो. पार मागे असताना चाप आणि बोल्ट दोन्ही बंद. मधे आणला की चाप बंदच, पण बोल्ट उघडतो. पुढे ढकलला की रायफल झाडायला तयार. टिक्काचा खटका दोनच ठिकाणी थांबतो: बंद असताना बोल्टही बंद, त्यामुळे चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीतलं) काडतूस काढायचं तर खटका आधी पुढे करावा लागतो.

कागदावर हा बारीकसा तपशील वाटतो. आता संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. पाऊस पडून गेलाय, बोटं गारठलीत, चढ-उतार करून पाय थरथरतायत, आणि समोर तारेचं कुंपण आहे. मघाशी हरीण दिसलं म्हणून चेंबरमध्ये काडतूस चढवलं होतं, ते आता काढायचंय. होवा हातात असेल तर खटका मधे आणायचा, बोल्ट सावकाश मागे घ्यायचा, काडतूस तळहातावर घ्यायचं, आणि या सगळ्यात चाप बंदच राहतो. टिक्का असेल तर खटका उघडल्यापासून बोल्ट उचलेपर्यंत भरवसा दोनच गोष्टींवर: नळी कुठे रोखलीय आणि बोट कुठे आहे. ज्याला सवय आहे त्याच्यासाठी यात काहीच धोका नाही, इथले हजारो शिकारी वर्षानुवर्षं टिक्का वापरतात. पण पहिल्या वर्षी हात शिकलेले नसतात. शेजाऱ्याने मला त्याच्या गॅरेजमध्ये बिनदारूच्या सरावाच्या काडतुसांनी हेच चाळीस वेळा करायला लावलं होतं, शेवटची दहा वेळा डोळे मिटून. नळी जरा कुठे भलतीकडे वळली की तो न बोलता माझं कोपर धरायचा.

वजनाचं उलट आहे. टिक्का लाइट दुर्बिणीशिवाय तीन किलोच्या जराशी आत, नेहमीची होवा सव्वातीन किलोच्या पुढे. त्यावर दुर्बीण आणि सप्रेसर (नळीच्या टोकाला लावायचं, आवाज कमी करणारं नळकांडं) चढले की आणखी किलोभर. (हो, सप्रेसर इथे सर्रास वापरतात आणि त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. कान वाचवायचे तर घ्याच.) दिवसभर खांद्यावर वागवताना अर्धा किलो जाणवतो. पण गोळी झाडताना तोच अर्धा किलो तुमच्या बाजूने असतो, कारण हलकी रायफल खांद्याला जास्त दणका देते. पहिल्या मोसमात मी कुणाची तरी .308 मापाच्या काडतुसाची हलकी रायफल मागून घेतली, डोळा दुर्बिणीच्या फार जवळ नेला आणि चाप ओढला. भुवईवर अर्धचंद्रासारखी खोक पडली. रक्त पुसलं की थांबलं, पण पुढचे तीन महिने मी गोळी झाडण्याआधीच डोळे मिटत होतो. ती भीती काढायला शंभरेक काडतुसं आणि एका क्लबमधल्या आजोबांचा अपार धीर खर्ची पडला. म्हणून म्हणतो, पहिली रायफल फार हलकी नको.

टिक्काचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, सुटं, तीन काडतुसांचं. खाली करणं सोपं: काढलं, खिशात टाकलं. पण ओढ्यात पडलं तर पुढे एकेकच काडतूस भरत बसा, म्हणून दुसरं विकत घेऊन ठेवावं. नेहमीच्या होवाचं मॅगझिन पोटातच असतं आणि खालचं झाकण उघडलं की सगळी काडतुसं हातात येतात. हरवायला काही नाही. बोल्टच्या बाबतीत मात्र टिक्का निर्विवाद सरस. सत्तर अंशांतच उचलला जातो आणि लोण्यातून सुरी फिरावी तसा सरकतो. होवाचा नव्वद अंश उचलावा लागतो आणि नवा असताना जरा खरखरतो, शंभर-दोनशे वेळा चालवला की बसतो. होवा कंपनीचं मूळ 1907 साली साकिची तोयोदांनी काढलेल्या मागांच्या कारखान्यात आहे, हे कळलं तेव्हा यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मला त्या खरखरीबद्दल जरा माया वाटली, हे कबूल करतो.

काडतूस .308 घ्या, नाहीतर दणका कमी हवा असेल तर 7 एमएम-08 किंवा 6.5 क्रीडमोर. गावातल्या दुकानात .308 कायम मिळतं. यावर जास्त डोकं खपवू नका.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याने आजवर हातात बंदूक धरलेली नाही त्याने होवा घ्यावी. ती बहुधा काही शे डॉलरने स्वस्तही पडते. उरलेले पैसे चांगल्या दुर्बिणीत आणि सरावाच्या काडतुसांत घाला. दोन-तीन मोसम झाले, हात तयार झाले, उंचावर थारच्या मागे जायची ओढ लागली, की टिक्का घ्या. मी तसंच केलं आणि दोन्ही ठेवल्या. डावखुरे असाल तर मात्र आधी दुकानदाराला डाव्या हाताचा बोल्ट कोणत्या रायफलीत मिळेल ते विचारा, निवड कदाचित तिथेच संपेल.

दुकानात जाण्याआधी फायरआर्म्स लायसन्स लागतं. वय किमान 16, लेखी परीक्षा, प्रत्यक्ष प्रशिक्षण, आणि घरी येऊन मुलाखत. तुमच्याबरोबर तुमच्या जवळच्या माणसाचीही मुलाखत होते, म्हणजे बहुतेक बायकोची किंवा नवऱ्याची. अर्ज भरण्याआधी घरात मोकळेपणाने बोला. माझ्या बायकोने मला विचारलं होतं, "किल्ली कुठे राहणार?" तिच्या त्या प्रश्नामुळे आमचं पोलादी कपाट मुलांच्या खोलीपासून लांब, भिंतीला बोल्टने आवळलेलं आहे आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. पहिलं लायसन्स पाच वर्षांचं असतं. 2023 पासून रायफलींची सरकारी नोंदणीही सुरू झाली आहे, तेव्हा खरेदी झाली की नोंद लगेच करा. सरकारी जंगलात शिकारीचा परवाना डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनकडून ऑनलाइन फुकट मिळतो, आणि तिथे रात्री शिकार चालत नाही.

जंगलात जाताना भडक रंगाचे कपडे घाला. इथे माणसाला हरीण समजून गोळी लागते तेव्हा झाडणारा बहुतेक वेळा त्याच्याच सोबत आलेला मित्र असतो. समोर हललेलं झुडूप म्हणजे हरीण नव्हे. डोकं, मान, खांदा, सगळं स्वच्छ दिसेपर्यंत बोट चापावर जाता कामा नये. हरीण निघून गेलं तर जाऊ द्या.

लायसन्स हातात येण्याआधीही लायसन्स असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली रायफल चालवून बघता येते. हेस्टिंग्ज ज्या भागात आहे त्या हॉक्स बेच्या आसपास राहत असाल तर सांगा. एखाद्या रविवारी रेंजवर माझ्या दोन्ही घेऊन येतो. आधी तासभर रिकाम्या चालवू, खटका आणि बोल्ट, डोळे मिटून. मग वीस काडतुसं हिच्यातून, वीस तिच्यातून.