खांदेरी–थळ किनाऱ्यावरील रणक्षेत्र पाहणीची पूर्वतयारी

गडकोटांच्या संवर्धनासाठी कोकणात आज अनेक मंडळे उत्साहाने काम करीत आहेत, आणि तटबंदी, बुरूज, टाकी, दरवाजे यांकडे लोकांचे लक्षही आहे. परंतु ज्या पाण्यावर आणि ज्या पुळणीवर प्रत्यक्ष लढाई झाली, त्या जागेला तट नसतो, फलक नसतो आणि बहुधा कोणताही कायदेशीर दर्जा नसतो. त्यामुळे ती जागा बंगले, जेट्या आणि भराव यांच्याखाली कोणाच्या लक्षातही न येता नाहीशी होऊ शकते. या हंगामात आपल्या गटाने अलिबागजवळील थळचा किनारा, खांदेरी व उंदेरी ही बेटे आणि कुलाबा किल्ला या पट्ट्याची पाहणी करावयाचे ठरवले आहे ती याच कारणासाठी. पाहणीचा हेतू नोंद हा आहे. साफसफाई, उत्खनन किंवा वस्तू गोळा करणे हा नाही. पुढील तयारी प्रत्येक सभासदाने हे ध्यानात ठेवून करावी.

पहिली तयारी कागदपत्रांची आहे आणि तिला सर्वाधिक वेळ द्यावा. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या खांदेरी बेटावर बांधकाम सुरू केले, मुंबईकर इंग्रजांनी त्याला हरकत घेतली, आणि सप्टेंबरपासून बेटाभोवतीच्या पाण्यात चकमकी होऊ लागल्या. कॅप्टन मिंचिन आणि रिचर्ड केग्विन इंग्रजांकडून, तर दौलतखान मराठी आरमाराकडून लढत होते. त्या वर्षीच्या १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गलबत मराठ्यांच्या हाती लागले आणि केग्विन ‘रिव्हेंज’वरून झुंजत राहिला. पुढे जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणे बसवले, तरीही खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. ही हकिगत सर्वांना साधारण माहीत असते, पण मैदानात उतरण्यापूर्वी तिचे प्रश्नांत रूपांतर केले पाहिजे: मराठ्यांची गलबते कोणत्या दिशेने आली, वारा कोणता होता, पाणी भरतीचे होते की ओहोटीचे, इंग्रजांची जहाजे कोठे नांगरली होती, थळच्या किनाऱ्यावरून बेटावर रसद कोठून जात होती. प्रत्येक सभासदाने यांपैकी एक प्रश्न निवडावा आणि त्यासंबंधीचे सर्व उल्लेख एका वहीत, कोणत्या पत्रातील आहेत ते लिहून, एकत्र करावेत.

येथे तारखांची एक अडचण आहे आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत होते, त्यामुळे सतराव्या शतकातील त्यांच्या कागदांतील तारीख आजच्या दिनदर्शिकेपेक्षा १० दिवस मागे असते, आणि १७०० नंतर हा फरक ११ दिवसांचा होतो. इंग्रजी पत्रांतील १८ ऑक्टोबर १६७९ म्हणजे आजच्या गणनेने २८ ऑक्टोबर. चंद्राचे गणित मांडल्यास त्या दिवशी कृष्ण पक्षातील अष्टमीच्या आसपासची तिथी येते, म्हणजे पाणी उधाणाचे (मोठ्या भरती-ओहोटीचे) नव्हते, भांगाचे (कमी चढ-उताराचे) होते. लढाई पौर्णिमा-अमावास्येच्या जोरदार प्रवाहात झाली असे गृहीत धरून नकाशावर बाण काढले, तर सगळी मांडणीच चुकेल. शिवाय इंग्रजांचा पत्रव्यवहार विपुल आणि मराठी कागद तुलनेने थोडे असल्यामुळे, कोणतेही विधान केवळ एका बाजूच्या पत्रावर उभे असेल तर वहीत तसे स्पष्ट लिहावे. मोडी वाचू शकणाऱ्या सभासदांनी पुण्याच्या पुराभिलेखागारात, आणि इतरांनी मुंबईच्या पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात दिवाळीपूर्वी बसून घ्यावे. किनाऱ्यावर गेल्यावर संदर्भ शोधण्यास सवड मिळत नाही.

याच पट्ट्यातील इतर दोन प्रसंगांचीही टिपणे सोबत असावीत, कारण एकाच किनाऱ्यावर वेगवेगळ्या काळातील लढाया एकमेकींवर पडलेल्या असतात आणि सापडलेली खूण कोणत्या लढाईची हे सांगणे त्यामुळे कठीण होते. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाबा किल्ल्यावर चढाई केली आणि ती फसली. १७३६ च्या एप्रिलमध्ये रेवस-कामार्ले परिसरात चिमाजी आप्पांच्या फौजेने सिद्दी सात याचा पराभव केला आणि तो मारला गेला. दुसरा प्रसंग पूर्णपणे जमिनीवरचा आहे आणि त्याची पाहणी स्वतंत्रपणे करावी लागेल, परंतु वाटेतील गावांत त्याच्या आठवणी निघाल्यास त्या लिहून घेण्याची तयारी हवी.

परवानग्यांची कामे पाहणीच्या किमान दोन महिने आधी हाती घ्यावीत. कुलाबा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि खांदेरी राज्य संरक्षित स्मारक आहे. शिवाय ११ जुलै २०२५ रोजी ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जागतिक वारसा यादीत नोंदल्या गेलेल्या १२ किल्ल्यांत खांदेरीचा समावेश आहे, त्यामुळे तेथे कोणतेही काम लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर निषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. या दोन्ही सीमा आपल्या कामाच्या नकाशावर आधीच आखून घ्याव्यात, कारण रणक्षेत्राचा कोणता भाग कायद्याच्या छायेत येतो आणि कोणता उघडा राहतो, हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते. माझ्या मते आपल्या अहवालातील सर्वांत उपयोगी नकाशा तोच ठरेल. मेटल डिटेक्टर कोणीही आणू नये. जमिनीत दडलेली वस्तू मिळाल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन येते, हे सर्वांनी वाचून ठेवावे. ड्रोन वापरायचा असल्यास त्याची नोंदणी, त्या हवाई क्षेत्राची परवानगी आणि स्मारकाची परवानगी अशा तिन्ही गोष्टी हातात असल्याशिवाय तो पेटीतून बाहेर काढू नये. ग्रामपंचायत, सागरी पोलीस ठाणे आणि बेटावरील दीपगृहाचे कर्मचारी यांना तारीख, बोटीचा क्रमांक आणि सभासदांची यादी आगाऊ द्यावी. खांदेरीवरील वेताळ हे कोळी समाजाचे श्रद्धास्थान आहे. देवळाच्या आवारातील मोजमाप गावकीला विचारून आणि पायताणे बाहेर ठेवूनच करावे.

दिवस निवडताना पंचांग आणि भरतीचे तक्ते दोन्ही समोर ठेवावेत. किनाऱ्यावरचे लोक वापरतात तो हिशोब असा की चालू तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत आणि पुन्हा प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत हाच हिशोब चालतो. परंतु हा अंदाज आहे. अंतिम वेळा अधिकृत तक्त्यावरूनच घ्याव्यात. कुलाब्याला पायी जाण्याची वाट उधाणाच्या दिवसांतील ओहोटीला अधिक उघडी पडते, आणि अष्टमीच्या सुमारास भांगाच्या पाण्यात ओहोटी असूनही मध्ये पाणी राहू शकते, म्हणून केवळ ओहोटीची वेळ पाहून भागत नाही. किल्ल्यातून परत निघण्याची वेळ आधी ठरवावी, ती प्रत्येकाच्या वहीत पहिल्या पानावर लिहावी, आणि काम अर्धे राहिले तरी त्या वेळेला निघावे. ऋतूच्या बाबतीत दसऱ्यानंतर समुद्र निवळतो खरा, पण गवत कमरेइतके उभे असते आणि जोती, दगडी रचना, तोफांच्या बैठका दिसत नाहीत. जानेवारी ते होळी हा काळ त्या दृष्टीने चांगला, कारण गवत वाळून बसलेले असते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीचे उंचवटे स्पष्ट उठून दिसतात.

बोट ठरवताना भाड्यापेक्षा तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा, अनुभव पाहावा. खांदेरीला धक्का आहे, उंदेरीला मात्र खडकावर उतरावे लागते, आणि लाट उठलेली असेल तर उतरण्याचा आग्रह कोणीही धरू नये. पाण्यावर तांडेलाचा शब्द अखेरचा. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट असावे आणि ते अंगावर असावे. तांडेलाला आधी एक संध्याकाळ नकाशासह भेटणे फार मोलाचे आहे, कारण कोणत्या महिन्यात वारा कोणत्या प्रहरी पडतो, बेट आणि किनारा यांमध्ये खडक कोठे आहेत, कोणत्या पाण्यातून होडी वल्ह्याने सहज जाते, हे ज्ञान कागदावर मिळत नाही. खांदेरीच्या लढाईचा गाभा याच ज्ञानात आहे. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावर अवलंबून होती, तर मराठ्यांच्या उथळ तळाच्या होड्या वारा पडला असताना वल्ह्यांनी आणि अंधाराचा फायदा घेत बेटावर सामान पोहोचवत होत्या, आणि म्हणून नाकेबंदी कधीच पुरी झाली नाही. आजही तेच खडक आणि तेच वारे आहेत. त्यांची नोंद म्हणजे रणक्षेत्राचीच नोंद होय. बोलणे ध्वनिमुद्रित करावयाचे असल्यास संमती घ्यावी, आणि नाखवा, काका, आजी जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवावे. आपल्या पुस्तकी माहितीने ते दुरुस्त करू नये.

सामानात ३० मीटरची मोजपट्टी, होकायंत्र, छायाचित्रासाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी, आगाऊ उतरवून घेतलेले नकाशे असलेला मोबाइल, त्यासाठी पॉवर बँक, छापील नोंदपत्रके आणि पेन्सिली असाव्यात. शाई दमट हवेत फुटते म्हणून पेन चालणार नाही. गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून आणि समुद्राच्या खोलीचा नकाशा नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागाकडून मिळवावा. पाणी माणशी तीन लिटर, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, घोट्याच्या वर येणारे बूट आणि प्रथमोपचाराची पेटी हे सर्व आवश्यक आहे. कातळाच्या सापटीत आणि पडलेल्या दगडांखाली फुरसे हा विषारी साप असू शकतो, म्हणून दगड उलथण्याचा मोह टाळावा आणि सर्वांत जवळच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता आधीच माहीत करून घ्यावा.

नोंद करण्याची पद्धत निघण्यापूर्वी गावातच एकदा सराव करून पक्की करावी. तोफगोळा, खापर, शिशाची गोळी किंवा घडीव दगड दिसला तर तो उचलायचा नाही; शेजारी मोजकाठी ठेवून, उत्तर दिशा दाखवून, जवळून आणि दुरून अशी छायाचित्रे घ्यायची, अक्षांश-रेखांश लिहायचे आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचे. हा नियम कडक वाटेल, परंतु त्यामागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे लढाईविषयी माहिती वस्तूपेक्षा तिच्या जागेत अधिक असते: चार गोळे एका रेषेत पडलेले दिसले तर मारा कोणत्या दिशेने झाला हे कळू शकते, आणि तेच चार गोळे कोणाच्या दिवाणखान्यात गेले की ते नुसते लोखंड उरते. दुसरे म्हणजे खाऱ्या जमिनीत शतके राहिलेले लोखंड बाहेर काढून वाळू दिले की आतील क्षारांमुळे त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते फुटते. प्रयोगशाळेतील उपचाराशिवाय ते वाचत नाही. बेटावरील तोफांना तेल, रंग किंवा चुना लावू नये. त्यांची लांबी, तोंडाचा व्यास, अंगावरील अक्षरे आणि गाड्याची स्थिती एवढेच टिपावे. वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड) आढळल्यास शेंदूर खरवडून काढू नये आणि दगड हलवू नये.

तटात वाढलेले पिंपळ आणि उंबर पाहून हात शिवशिवतात, हे समजण्यासारखे आहे. तरीही मुळे ओढून काढल्यास त्यांनी धरून ठेवलेले दगडच ढासळतात, आणि सिमेंटने सांधे भरल्यास पाणी आत कोंडून जुना दगड फुटतो, म्हणून श्रमदानाचा भाग खात्याने नेमून दिलेल्या जागी आणि त्यांच्या माणसाच्या देखरेखीखालीच करावा. पुळणीवरचे प्लास्टिक उचलण्यास मात्र कोणाची वाट पाहण्याची गरज नाही.

परतल्यावर आठ दिवसांच्या आत सर्व नोंदपत्रके एका जागी जमा व्हावीत, छायाचित्रांना तारीख आणि स्थळक्रमांक द्यावेत, आणि जेथे नवे बांधकाम, भराव किंवा वाळूउपसा दिसला त्या जागांचा स्वतंत्र नकाशा करावा. अहवालाची प्रत राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयास, ग्रामपंचायतीस आणि जिल्हाधिकारी कार्यालयास द्यावी. वस्तूंच्या अचूक जागा मात्र सार्वजनिक प्रतीतून वगळाव्यात, अन्यथा आपलाच अहवाल चोरांचा वाटाड्या होईल.

बोटीचा दिवस ठरवताना एक राखीव दिवसही तांडेलाकडे सांगून ठेवावा. हवामान खात्याचा वाऱ्याचा इशारा असेल, किंवा परवानगीचे पत्र आदल्या दिवशी दुपारपर्यंत हाती आले नसेल, तर बेटावर जाणे रद्द समजावे आणि सर्वांनी सकाळी आठ वाजता थळच्या किनाऱ्यावर जमावे. थळच्या खुबलढा किल्ल्याचे अवशेष, किनाऱ्यावरच्या जुन्या विहिरी आणि कोळीवाड्यातील वयस्कर मंडळींच्या मुलाखती एवढे काम त्या दिवसाला पुरेसे आहे.