मलम आधी कुपीत तपासा, उंदीर नंतर

खारघरच्या आमच्या फार्मसी कॉलेजात दरवर्षी कुणीतरी आवळ्याचं नाहीतर शेवग्याच्या पाल्याचं जखमेवरचं मलम घेऊन येतं आणि चाचणीला थेट उंदीर मागतं. थांबा जरा! आधी डीपीपीएच करा, म्हणजे अर्काची अँटिऑक्सिडंट ताकद मोजणारी कुपीतली चाचणी. मिथेनॉलमधल्या जांभळ्या द्रावणात अर्क घाला, अर्धा तास अंधारात ठेवा, मग ५१७ नॅनोमीटरवर प्रकाशाचं शोषण मोजा. द्रावण पिवळं पडलं की अर्कात दम आहे. पाल्याचा अर्क मुळातच रंगीत, म्हणून नुसत्या अर्काचा ब्लँक (डीपीपीएच न घातलेला नमुना) वेगळा लावा, नाहीतर आकडे खोटं बोलतात. तुलनेला व्हिटॅमिन सी.

मलम टिकतं का हे पाहायला ते ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवून पुन्हा तपासा. दमटपणात आपल्याकडचा पावसाळा काही वेगळा नसतो.

प्राण्यांसाठी नैतिकता समितीची मंजुरी आधी, बाकी सगळं नंतर. गट चार: उपचार नाही, अर्काविना नुसता मलमाचा बेस, तुलनेला १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन (भाजलेल्या जखमांवरचं नेहमीचं औषध), तुमचं मलम. बेसचा गट गाळायचा मोह सगळ्यांना होतो; पण ओलावा टिकला तरी जखम सुधारते आणि श्रेय अर्क लाटतो. जखमेची कड पारदर्शक कागदावर गिरवून आलेखाचे चौकोन मोजा. मोजणाऱ्याला गट कळता कामा नये. उंदराची जखम बरीचशी आकसून मिटते, माणसाची तशी नाही. त्यामुळे नवी त्वचा कधी आली, हे वेगळं नोंदवा.