गावात नवा आगीचा बंब येऊन राहिला? मग त्याचं स्वागत असं करा

गावात किंवा जवळच्या नगरपंचायतीत नवी फायरची गाडी येणार असेल तर पहिले गावच्या आग विझवणाऱ्या तुमच्या टीमच्या सगळ्या पोट्ट्यांचं मनापासून अभिनंदन. तणशीच्या आगीवर ज्यांनी बादलीबादलीनं पाणी मारलं त्यांनाच ठाऊक असते पंपवाली गाडी काय चीज असते ते. आता स्वागताचं बोलू. बहुतेक ठिकाणी काय होते, हार, नारळ, फीत, भाषणं, फोटो, अन खेळ खतम, आणि ज्या पोट्ट्यांना रात्री दोन वाजता ती गाडी घेऊन पळायचं आहे ते मागं गर्दीत उभे राहते. मला हे पटत नाही. स्वागताचा मान नळी धरणाऱ्या हातांना द्या, अन त्या दिवशी जे जे कराल त्यातून गावाच्या अन टीमच्या पदरात काहीतरी कामाचं पडू द्या, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते कसं करायचं ते खाली सगळं सांगतो.

बाहेरच्या देशात काय करतात

अमेरिकेत गावाकडच्या बऱ्याच फायर कंपन्या स्वयंसेवकांच्याच असतात, बेंजामिन फ्रँकलिन अन त्याच्या दोस्तांनी 1736 साली फिलाडेल्फियात काढलेली युनियन फायर कंपनी त्यातली लय गाजलेली. तिकडं नवीन गाडी आली की दोन गोष्टी करतात. पहिली म्हणजे 'वेट डाउन', आजूबाजूच्या गावांचे बंब येतात, नळ्या लावतात अन नव्या गाडीला पाण्यानं आंघोळ घालतात, काही ठिकाणी तर जुन्या रिटायर होणाऱ्या गाडीच्या टाकीतलंच पाणी नव्या गाडीवर मारतात. दुसरी 'पुश इन', म्हणजे सगळ्यांनी गाडीला हात लावून तिला ढकलत ढकलत शेडमध्ये घालायचं. ही घोड्यांच्या काळातली गोष्ट आहे, घोड्यांना जड बंब रिव्हर्स घेता येत नसे, म्हणून आगीवरून परत आलं की घोडे सोडायचे अन माणसांनीच बंब मागं ढकलायचा. घोडे गेले, इंजिनं आली, पण हात लावायची रीत त्यांनी सोडली नाही. जर्मनी, ऑस्ट्रियाकडं पाद्री येऊन गाडीला आशीर्वाद देतो, तिकडं फ्लोरियन नावाचा संत अग्निशामकांचा रखवाला मानतात, त्याचा दिवस 4 मे, अन तोच आता आंतरराष्ट्रीय अग्निशामक दिन आहे.

यातल्या आंघोळ अन ढकलणं या दोन्ही गोष्टी आपल्याकडं मस्त जमतात. फक्त आपलं पाणी, आपलं ऊन, आपले रस्ते पाहून करायच्या.

दिवस कोणता धरायचा

14 एप्रिल हा आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला अन आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक जिवानिशी गेले, त्यांची ती आठवण. पण विदर्भात त्या दिवशी गावोगाव बाबासाहेबांची जयंती असते, अख्खं गाव मिरवणुकीत असते, आपले पोट्टेही तिथंच असतात अन असायलाच पाहिजे. त्या दिवशी मुंबईच्या त्या जवानांसाठी दोन मिनिटं उभे राहा, गाडीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ठेवा. मे महिना तर डोक्यातूनच काढून टाका, विहिरी तळाला गेल्या असतात अन लोक टँकरच्या लाईनीत, त्यांच्यासमोर गाडीवर पाणी उडवलं तर त्यांच्या जिवाला लागते.

माझ्या मते पोळा ते दसरा हा सगळ्यात चांगला टाइम. तलाव भरलेले, दसऱ्याला गाड्यांची पूजा तशीही होतेच, अन लगेच पुढं सोयाबीनच्या सुड्या, म्हणजे कापलेल्या पिकाचे ढीग, लागायचे दिवस येते, मग जिनिंगमध्ये कापूस, धानपट्ट्यात पुंजणे, म्हणजे धानाचे ढीग, म्हणजे ऐन कामाच्या आधी टीमचा हात बसतो. पण गाडी जर फेब्रुवारी-मार्चमध्ये आली तर मुहूर्तासाठी तिला ताडपत्री टाकून उभी ठेवू नका रे बाप्पा. धुरे पेटवणं, पऱ्हाटी जाळणं, मोहाखालचा पाला जाळणं, सगळं त्याच दिवसात चालते. कागदपत्र झाले, नंबर आला, ड्रायव्हर ठरला की गाडी कामाला लावा, समारंभ सहा महिन्यांनी केला तरी चालते.

आदल्या दिवशी आवतण

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, हळद-तूप लावतो अन त्याला म्हणतो, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. गाडीसाठीही हेच करा, पण खांदे शेकायच्या जागी पूर्ण तपासणी करा. संध्याकाळी टीमनं जमायचं, पंप चालू करून पाहायचा, प्रत्येक नळी जमिनीवर उलगडून कपलिंगचं वायसर आहे का गेलं ते बोटानं चाचपायचं, ब्रँच पाइप, म्हणजे नळीच्या टोकाचं पाणी मारायचं तोंड, उघडबंद होते का, सायरन वाजते का, टायरची हवा, डिझेल, बॅटरी. प्रत्येक कप्प्यात काय ठेवलं आहे ते डोळे मिटून सांगता आलं पाहिजे, पोट्ट्यांना हा खेळ लय आवडतो, एकानं सामानाचं नाव घ्यायचं अन दुसऱ्यानं कप्पा दाखवायचा. सायरन वाजवणार असाल तर आधी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगा, नाहीतर लोक घाबरून वावरातून पळत येतील.

पंप लावून तलावातून पाणी ओढायची प्रॅक्टिसही आदल्याच दिवशी करून घ्या. इथं एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, कोणताही पंप वरून फार खोलचं पाणी ओढू शकत नाही, हवेच्या दाबाचा हिशोब आहे, कागदावर दहा मीटर अन प्रत्यक्षात सातेक मीटरपर्यंतच धरा. पावसाळ्यात विहीर तोंडापर्यंत असते तेव्हा सगळं सोपं वाटते, पण उन्हाळ्यात तेच पाणी खाली जाते अन ऐन आगीच्या वेळी पंप नुसता घरघर करते, पाणी येत नाही. म्हणून मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव), शेततळं, कोल्हापुरी बंधारा, जिथं गाडी काठापर्यंत जाते अशा जागा शोधून ठेवा. सक्शनच्या जाळीला बांबूची टोपली बांधा, शेवाळ अन पानं आत जात नाहीत.

पाणी गावाचं

जुनी गाडी असेल तर तिच्या टाकीतलं पाणी नव्या गाडीत घ्या, अन ते काम जुन्या ड्रायव्हरच्या हातून करा. पण बऱ्याच गावात जुनी गाडीच नसते, तिथं मी सांगतो तसं करा. प्रत्येक वस्तीतून, म्हणजे खरंच प्रत्येक वस्तीतून, गावठाण, बौद्धपुरा, मुस्लिम मोहल्ला, गोंडाचा टोला, पारध्यांचा बेडा, एकेक गुंड पाणी तिथल्याच विहिरीचं नाहीतर हापशीचं आणायला सांगा. बाया डोक्यावर गुंड घेऊन निघाल्या, पुढं खंजेरी भजनवाले, मागं लेझीमवाले पोरं, अन सगळ्यांनी येऊन ते पाणी एकाच टाकीत ओतलं, यापेक्षा मोठी पूजा मला तरी सुचत नाही. टाकीच्या तोंडावर दुहेरी धोतराचं फडकं बांधा, गाळ पंपात गेला तर पंपाची वाट लागते. अन पाणी ओततानी एक जण वही घेऊन उभा ठेवा, कोणत्या वस्तीत पाणी कुठं आहे, किती खोल आहे, तिथवर गाडी जाते का, गल्लीत वळते का, वर वायर किती खाली लोंबते. बाया हे सगळं बरोब्बर सांगतात कारण पाणी त्याच भरतात. कार्यक्रम संपेपर्यंत तुमच्या हातात अख्ख्या गावाचा पाण्याचा नकाशा येतो.

पूजा लहान ठेवा. नारळ बाजूला दगडावर फोडा, बंपरवर नको. हार लावा पण काच, दिवे अन रेडिएटरची जाळी मोकळी ठेवा. गुलाल उधळू नका, एअर फिल्टरमध्ये जातो, अन फटाके अजिबात नको, तणशी-कुटाराच्या गावात फायरच्या गाडीसमोर लड लावणं बरं दिसत नाही. हिंदूंनी आरती केली, भंतेजींनी वंदना घेतली, मौलवींनी दुआ केली, सगळं पाऊण तासात होऊन जाते.

आंघोळ

आता मजेचा भाग, अन इथंच हात-पाय मोडायची भीतीही जास्त असते म्हणून नीट वाचा.

हिशोब पहिले समजून घ्या. टाकी 4500 लिटरची असेल अन एका नळीतून मिनिटाला 450 लिटर पाणी जात असेल तर दहा मिनिटात टाकी खाली. म्हणून तलावाच्या पाळीजवळ कार्यक्रम ठेवा, पाणी तलावातून ओढा म्हणजे सांडलेलं परत तलावातच जाते अन कोणाच्या प्यायच्या पाण्याला धक्का लागत नाही. पाणी मारायला शेजारच्या गावच्या टीमला बोलवा, त्यांची गाडी असो का ट्रॅक्टरचा टँकर असो, उद्या मोठी आग लागली तर तेच धावून येतील, तर ओळख आधीच झालेली बरी, अन त्यांची नळी तुमच्या कपलिंगला बसते का हे इथंच पाहून घ्या. नाही बसली तर अॅडॉप्टर आजच मागवा.

प्रेशर कमी ठेवा, फवारा ठेवा, सरळ धार मारू नका. सरळ धारेनं काच फुटते, दिवा निघते, अन माणसाला लागली तर डोळा जाऊ शकते. एका ब्रँचवर दोन माणसं पाहिजेच, पुढचा धरतो, मागचा त्याला टेकू देतो, अन नळीत पाणी सोडायच्या आधी ओरडून सांगायचं. वर महावितरणची तार असेल तर तिथं कार्यक्रमच घेऊ नका. लहान पोरांना लांब दोरीच्या मागं उभं करा, शेवटी एकदा हलका फवारा त्यांच्या अंगावर सोडा, तेवढ्यासाठी तर ते आलेले असतात.

आंघोळ चालू असतानी झडत्या, म्हणजे पोळ्यातली यमक जुळवलेली कवनं, म्हणा. पोळ्यात तोरणाखाली आपण म्हणतोच की, मग गाडीसाठीही जोडायच्या, गावात झडत्या जोडणारे दोघं-चौघं असतातच, त्यांना आठ दिवस आधी सांगून ठेवा. नमुना म्हणून एक देतो.

तणशीला लागली आग, वाऱ्यानं धरला जोर
नळी घेऊन धावलं गावचं पोर न पोर
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव

ढकलत शेडमध्ये

गाडी कोरडी झाली की शेडकडं न्यायची, अन मागच्या बाजूनं आत घ्यायची म्हणजे तोंड रस्त्याकडं राहते, कॉल आला की सरळ बाहेर. भरलेली मोठी गाडी कित्येक टनांची असते, ती खरोखर हातानं ढकलायच्या भानगडीत पडू नका. शिवाय एअर ब्रेकच्या गाडीत हवा नसली तर ब्रेक जाम होतात, इंजिन चालू ठेवावंच लागते. म्हणून ड्रायव्हर सीटवर, गाडी रिव्हर्समध्ये एकदम धिमी, अन लोकांनी फक्त समोरून हात लावून सोबत चालायचं. अमेरिकेतही आता बऱ्याच ठिकाणी असंच करतात. गाडीच्या मागं अन भिंतीच्या मधात एकही माणूस नको. इशारा करणारा एकच, अन तो ड्रायव्हरला आरशात दिसला पाहिजे. पदर, ओढणी, खांद्यावरचा दुपट्टा खोचून घ्या, चाकाजवळ कोणी नको. आत गेली की हँडब्रेक, चाकाला लाकडी गुटके.

पहिला हात कोणाचा? पुढाऱ्याचा नको. ज्याची सुडी जळाली, ज्याचा गोठा गेला, ज्या म्हाताऱ्यानं त्या काळी विहिरीपासून घरापर्यंत माणसांची लाईन लावून बादल्या पुढं दिल्या, त्यांना पुढं घ्या. त्यांचे हात त्या बोनेटवर ठेवलेले पाहिले ना की पोट्ट्यांना कोणी भाषण द्यायची गरज राहत नाही. पाहुणा बोलवायचाच असेल तर नागपूरला 1957 पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, तिथं शिकलेलं कोणी ओळखीचं असेल तर त्याला बोलवा, तो येऊन अर्धा तास नळी कशी गुंडाळायची ते जरी दाखवून गेला तरी दिवस सार्थकी लागला.

जेवण अन आवराआवर

जेवणाला रोडगे, वांग्याची भाजी, वरण, हेच. शंभर-दोनशे माणसांचं होते अन वर्गणीतही बसते. रोडग्याच्या गोवऱ्यांचा निखारा तणशी-कुटारापासून दूर ठेवा, अन जेवणं झाली की तो राखेसकट नव्या गाडीच्या होजरीलनं, म्हणजे गाडीवरच्या रिळावर गुंडाळलेल्या बारीक नळीनं, विझवा. टीममधल्या सगळ्यात नवीन पोरीला नाहीतर पोराला ते करू द्या. वरून विझलेला दिसते पण आत धग राहते, काठीनं उकरायचं, परत पाणी मारायचं, हात जवळ नेऊन पाहायचं. कुटाराची आग दुसऱ्या दिवशी परत पेटते ती याच कारणानं, तर हे शिकवायला यापेक्षा चांगली जागा नाही.

मग लोक घरी गेले तरी टीमनं थांबायचं. नळ्यातलं पाणी काढा, सावलीत लटकवा, वाळल्या की गुंडाळा, कपलिंगला माती लागली असेल तर धुवा. टाकी परत पूर्ण भरा, डिझेल भरा. कार्यक्रमाच्या पूर्ण वेळात एक ड्रायव्हर अन दोन माणसं फक्त कॉलसाठी मोकळी ठेवा, त्यांचं जेवण आधी वाढा. शेडच्या भिंतीवर 101, 112 अन गाडीवरच्या माणसांचे नंबर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या, चावी कुठं लटकते अन रात्री कोणाकडं असते ते टीममधल्या प्रत्येकाला ठाऊक पाहिजे, अन पाण्याच्या नकाशाची एक झेरॉक्स गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवून द्या.