क्रोम बंद करून पुन्हा उघडा

अंबड-सातपूरच्या ऑफिसांत, लासलगावच्या आडतीवर संध्याकाळी कॉम्प्युटरचा नुसता स्क्रीन बंद होतो. क्रोम आठवडाभर उघडंच. अपडेट मागच्या मागे डाउनलोड होऊन पडलेलं असतं, पण ते लागू होतं ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावरच. अपडेटमध्ये सुरक्षेतल्या त्रुटींची दुरुस्तीही असते, आणि ती बाहेर आली की चोरांनाही जुन्या व्हर्जनमधलं भगदाड नेमकं कुठे आहे ते शोधता येतं, म्हणून टाळू नका.

वर उजवीकडचे तीन ठिपके, हेल्प, अबाउट गूगल क्रोम. तिथे रीलाँच दिसलं की दाबा. टॅब परत येतात, इन्कॉग्निटोतले (खाजगी विंडोतले) येत नाहीत. अर्धवट भरलेलं ई-वे बिल आधी पूर्ण करा.

विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. त्या मशीनवर बँकेचं काम नकोच.